सुलतानाचें नांव आणि सराफाचा कांटा



जुनें नाणें हातीं आलें म्हणजे त्यावर कोणाचें नांव आहे, हें आपण प्रथम पाहतों. सराफ तसें करीत नाहीं. तो तें आधीं दगडावर टाकून त्याचा नाद ऐकतो, मग कांट्यांत घालतो, मग कसोटीवर घासतो, आणि नांव वाचावयाचेंच असलें तर सर्वांच्या शेवटीं वाचतो. इतिहासाचा अभ्यासक आणि सराफ यांच्या पाहण्यांतील हा फरक दिसण्यांत लहान आहे. परंतु दख्खनच्या पांचशें वर्षांच्या इतिहासाचें एक मर्म त्यांत सांठलेलें आहे. नाणें चालतें तें राजाच्या नांवानें कीं लोकांच्या विश्वासानें, हा प्रश्न आमच्या या भूमीवर पुनःपुन्हां उपस्थित झाला. त्याचें उत्तर कधीं सुलतानांनीं दिलें, कधीं सराफांनीं दिलें, आणि एकदां एका छत्रपतीनें दिलें. त्या उत्तरांचा मागोवा आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

मुसलमानी सत्ता येण्यापूर्वीं दख्खनेंत देवगिरीच्या यादवांचें राज्य होतें. त्यांच्या सोन्याच्या नाण्यास पद्मटंक म्हणतात. मध्यभागीं उमललेलें कमळ आणि भोंवतीं राजाचें नांव व मंगल चिन्हें निरनिराळ्या ठशांनीं ठोकलेलीं, असें त्याचें रूप. तें कोणत्या गांवीं आणि कोणत्या सालीं पाडलें, हें मात्र त्यावरून सहसा कळत नाहीं. उत्तरेकडून आलेल्या सुलतानांचें नाणें अगदीं निराळें. त्यावर बहुधा चित्र नसे. सारा मजकूरच असे. एका अंगास कलमा किंवा खलिफाचें नांव, दुसऱ्या अंगास सुलतानाचे किताब, आणि त्यांच्या जोडीस टांकसाळीचें ठिकाण व हिजरी साल. शुक्रवारच्या खुतब्यांत नांव वाचलें जाणें आणि सिक्क्यावर नांव उमटणें, हीं इस्लामी राजनीतींत सार्वभौमत्वाचीं दोन लक्षणें मानलीं जात. म्हणून गादीवर बसलेल्या सुलतानाचें लक्ष लवकरच टांकसाळीकडे वळे. इतिहासकारास यांत मोठाच लाभ झाला. तवारीख लिहिणारा धन्याची स्तुति करील, बखरकार सालांची गल्लत करील. परंतु ज्या वर्षीं ज्या गांवीं नाणें पाडलें त्या वर्षीं त्या गांवीं कोणाचा अंमल होता, हें नाणें तत्काळ सांगतें.

तथापि जेत्यांनीं आपलें नाणें येथें आणलें, तेव्हां येथील बाजारापुढें त्यांनाही थोडें वांकावें लागलें. महंमद घोरीनें उत्तर हिंदुस्थान जिंकल्यावर जें सोन्याचें नाणें पाडलें, त्याच्या एका अंगास बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या अंगास त्याचें नांव नागरी अक्षरांत आहे. मूर्तिभंजक म्हणून ज्याची ख्याति, त्यानें लक्ष्मीची मूर्ति आपल्या टांकसाळींत कां घडवावी? कारण उघड आहे. तें रूप लोकांच्या डोळ्यांस परिचित होतें, आणि अपरिचित सोनें बाजारांत संशयाखालीं येतें. पुढें अल्तमशानें, ज्यास आतां इल्तुतमिश म्हणतात, इ. स. १२११ ते १२३६ या आपल्या कारकीर्दींत दिल्लीच्या सल्तनतीच्या चलनाची घडी बसविली. त्याच्या चांदीच्या नाण्याचें वजन सुमारे ११ ग्रॅम असून त्याचें नांव टंका. हें नांव अरबी नव्हे, फारसीही नव्हे. संस्कृतांतील टंक या शब्दाचेंच तें रूप आहे. नाण्यावरील लिपि परकी आणि नाण्याचें नांव देशी, अशी ही जोडी होती. टंका हें नांव आणि त्याचें वजन या दोन गोष्टी श्रोत्यांनीं स्मरणांत ठेवाव्या. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

अल्लाउद्दीन खिलजीनें इ. स. १२९६ मध्यें देवगिरीवर पहिली स्वारी केली. इ. स. १३१८ च्या सुमारास त्याचा मुलगा कुत्बुद्दीन मुबारकशहा यानें यादवांचें राज्य बुडवून तो मुलूख दिल्लीस जोडला. इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें देवगिरीस दौलताबाद हें नांव देऊन आपली राजधानी केली. पाठोपाठ, हिजरी ७३० म्हणजे इ. स. १३३० च्या सुमारास, त्यानें असा एक प्रयोग आरंभिला कीं ज्याची चर्चा अद्यापि संपलेली नाहीं. चांदीच्या टंक्याऐवजीं तांब्या-पितळेचें नाणें पाडावें, आणि तें चांदीच्याच मोलानें घ्यावें, असा त्यानें हुकूम सोडला. हीं नाणीं दिल्लींत पाडलीं तशींच आमच्या दौलताबादेंतही पाडलीं, आणि तीं आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांवरील लेख ध्यानांत घेण्याजोगा आहे. जो सुलतानाची आज्ञा मानतो तो परमेश्वराची आज्ञा मानतो, असा त्याचा भावार्थ. सोन्याच्या नाण्यास असा उपदेश करावा लागत नाहीं. धातूचें मोल कमी पडलें, तेथें हुकमाचें वजन घालून सुलतानानें कांटा बरोबर करूं पाहिला.

हा सुलतान वेडा होता, असें पुष्कळ दिवस शाळांतून शिकविलें गेलें. परंतु कल्पना मुळांत वेडेपणाची नव्हती. चीनमध्यें कुब्लाईखानाच्या अमलांत कागदी चलन चालत होतें. मोठें सैन्य पोसावयाचें होतें, दूरच्या मुलखांवर मोहिमा काढावयाच्या होत्या, आणि चांदीची टंचाई होती. मात्र इराणांत इ. स. १२९४ मध्यें गैखातूनें चीनच्या धर्तीवर कागदी चलन काढून पाहिलें, तेव्हां तबरीज शहरांतील बाजार ओस पडला आणि तें मागें घ्यावें लागलें, हाही अनुभव फार जुना नव्हता. तुघलकाच्या नाण्याचें वैगुण्य त्याच्या घडणींत होतें. त्यांत असें कांहींच कसब नव्हतें कीं जें गल्लींतल्या तांबटास किंवा सोनारास साधूं नये. समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो, कीं घरोघरीं टांकसाळी झाल्या. लोकांनीं सारा भरला तो या तांब्यानें, घोडे आणि शस्त्रें विकत घेतलीं तीं या तांब्यानें, आणि सोनें-चांदी मात्र घरांत दडवून ठेविली. दूरदेशींचे व्यापारी तें नाणें घेईनात. दोन-तीन वर्षांतच सुलतानानें तें मागें घेतलें, आणि लोकांनीं आणून टाकलेल्या तांब्याच्या बदल्यांत खजिन्यांतून सोनें-चांदी मोजून दिली. तुघलकाबादेंत त्या तांब्याचे ढीग पडून राहिले, असें बरनी सांगतो. सुलतानानें दिलेला शब्द पाळला, हें त्याच्या पदरीं टाकलें पाहिजे. परंतु तो शब्द पाळण्यांत खजिना रिता झाला आणि राजाज्ञेची पतही त्याबरोबर गेली.

दिल्लीचा अंमल ढिला पडतांच दख्खनच्या सरदारांनीं इ. स. १३४७ मध्यें दौलताबादेसच अल्लाउद्दीन हसन यास गादीवर बसविलें आणि बहामनी राज्य सुरू झालें. त्याचा मुलगा पहिला महंमदशहा यानें गुलबर्ग्याहून उत्तम सोन्या-चांदीचीं नाणीं पाडलीं. त्यांत खोट नव्हती. तरीही बाजारानें तीं स्वीकारलीं नाहींत. दख्खनच्या सराफांच्या हातीं तीं पडतांच ते तीं आटवीत आणि विजयनगरच्या बाजूचे होन व प्रताप हेच चालवीत. सुलतानानें ताकीद दिली, तिचा उपयोग झाला नाहीं, तेव्हां इ. स. १३६० मध्यें आपल्या राज्यांतील या सराफांची त्यानें एकजात कत्तल करविली आणि दिल्लीकडून आलेल्या खत्र्यांच्या हातीं ती पेढी दिली. ही हकीकत फेरिश्त्यानें सांगितलेली आहे. तो सुमारें अडीचशें वर्षांनंतर लिहीत होता, आणि सराफांस विजयनगर व वरंगळ येथील राजांची फूस होती, असें त्यानें म्हटलें आहे. फूस असेल. परंतु होनाचें सोनें, त्याचें वजन, त्यावरील देवतांच्या मूर्ति हीं लोकांच्या अंगवळणीं पडलीं होतीं, आणि किनाऱ्यापासून तुंगभद्रेपलीकडेपर्यंत तो कोणीही डोळे झांकून घेई. तलवारीनें सराफ मारतां आले. होन मात्र मारतां आला नाहीं. बहामनी राज्य मोडून पांच शाह्या झाल्या, तरी आदिलशाहींत आणि पुढें मराठ्यांच्या जमाखर्चांतही होनाचा आंकडा चालूच राहिला. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या खजिन्याची यादी आहे. तींत होनांचे किती प्रकार नोंदले आहेत, हें पाहिलें म्हणजे याची खात्री पटते.

आतां आपल्या पुणें प्रांताकडे वळूं. आज पुणें शहरांत मोडणारी मांजरी आणि मुळामुठेच्या कांठचीं तिच्या शेजारचीं गांवें यांचा हा मुलूख आधीं निजामशाहींत होता. निजामशाही १६३६ मध्यें बुडाली आणि तो आदिलशाहीकडे गेला, तरी जहागीर शहाजीराजांचीच राहिली. १६६० मध्यें शाएस्तेखान मोंगली फौज घेऊन पुण्यांत येऊन बसला. एका माणसाच्या हयातींत तीन पातशाह्या. या सर्वांचीं नाणीं एकाच बाजारांत येऊन पडत. निजामशाहीचीं प्रामुख्यानें तांब्याचीं, अहमदनगर, बुऱ्हाणाबाद, दौलताबाद अशा टांकसाळींचीं. समुद्रकांठाकडून येई ती लारी. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेला. वजन सुमारें ५ ग्रॅम. इराणांतील लार या शहरावरून तिला हें नांव पडलें. इराणी आखाताशीं चालणाऱ्या व्यापाराच्या ओघांत ती कोंकणांत रुजली, आणि विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानें तर आपल्याच नांवाच्या लाऱ्या पाडल्या. मोंगलांबरोबर आला तो रुपया. शेरशहा सुरानें १५४० ते १५४५ या अवघ्या पांच वर्षांच्या राज्यांत त्याचें वजन सुमारें साडेअकरा ग्रॅम असें ठरविलें. अकबरानें तेंच मान चालविलें, आणि तांब्याचे ४० दाम म्हणजे एक रुपया असा हिशेब त्याच्या अमदानींत चाले.

इतक्या जातींचें नाणें एका हाटांत आलें म्हणजे त्यांचा मेळ कोणी घालावयाचा? तें काम सराफाचें. झिजलेलें, हिणकस, परमुलखांतलें असें नाणें तो पारखून घेई आणि जितकें मोल कमी भरेल तितका बट्टा कापी. राज्यें बदलत, परंतु सराफाची पेढी आणि तिच्यावरचा कांटा जेथल्या तेथें राहत. या व्यवस्थेंत गरिबाचें नुकसान होई, हेंही सांगितलें पाहिजे. शेतकऱ्याला आपल्या धान्याचे पैसे मिळत ते एका नाण्यांत आणि सरकारदेणें भरावें लागे तें दुसऱ्या नाण्यांत. मधला बट्टा त्याच्या पदरचा जाई. कोणतें नाणें चालावें, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें पोटाचा होता.

ही पार्श्वभूमि ध्यानीं घेतली म्हणजे १६७४ च्या उन्हाळ्यांतील एका लहानशा उत्तराचें मोल कळतें. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याच्या मागण्यांत एक अशी होती, कीं इंग्रजांचें नाणें महाराजांच्या राज्यांत चालावें. त्यास मिळालेलें उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेलें आहे. त्याचा आशय असा, कीं आम्ही कोणत्याही नाण्यास मनाई करीत नाहीं. परंतु जें घेतल्यानें रयतेस तोटा येईल तें तिनें घ्यावें, अशी सक्तीही आम्हांस करतां येत नाहीं. तुमचें नाणें मोंगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतकें शुद्ध आणि वजनदार असेल तर तें चालण्यास आमची हरकत नाहीं. महंमद तुघलकानें नाण्यावर कोरविलें, कीं आज्ञा माना. बहामनी सुलतानानें आज्ञा न मानणारे सराफ मारले. आणि नुकताच सिंहासनाधिष्ठित झालेला हा राजा म्हणतो, कीं रयतेच्या तोट्याचें नाणें तिच्या हातीं कोंबण्याचा अधिकार माझा नाहीं. दख्खनच्या नाण्यांच्या इतिहासांत राजसत्तेनें स्वतःची मर्यादा इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

महाराजांनीं स्वतःचें नाणें पाडलें, तें सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ, अक्षरें नागरी. तीनशें वर्षें फारसी-अरबी अक्षरांचें नाणें हाताळणाऱ्या मराठी शेतकऱ्याच्या मुठींत त्याच्या लिपींतलें नाणें आलें. होन मोजकेच आढळतात; शिवराया मात्र विपुल सांपडतात. ती चालली तीही केवळ भक्तीमुळें नव्हे. रोजच्या मीठमिरचीच्या खरेदीस लागणारें भरीव तांबें तींत होतें, आणि पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळांत तिचेच अवतार निघत राहिले. कंपनीचें राज्य आल्यावरही खेड्यापाड्यांच्या बाजारांतून ती बरींच वर्षें हटली नाहीं.

पेशवाईंतील चांदीचें नाणें पाहून मात्र नवखा वाचक गोंधळतो. शनिवारवाड्याच्या सावलींत पाडलेल्या या रुपयावर ना छत्रपतींचें नांव, ना पेशव्यांचें. त्यावर फारसी अक्षरांत दिल्लीचा बादशहा शहाआलम, आणि टांकसाळीच्या जागीं मुहियाबाद पुणें असें नांव. १७०३ मध्यें औरंगजेबाची छावणी पुण्यास असतां त्याचा एक नातू येथें वारला. त्याच्या स्मरणार्थ बादशहानें पुण्यास मुहियाबाद हें नांव दिलें. त्या बादशहाशीं सत्तावीस वर्षें झुंजलेल्या मराठ्यांच्या राजधानींतील रुपया त्यानेंच दिलेलें नांव मिरवीत होता. मराठेपणाची खूण एवढीच, कीं एका कोपऱ्यांत लहानसा अंकुश. म्हणून तो अंकुशी रुपया. यास कोणी लाचारी म्हणेल. पण बाजाराच्या दृष्टीनें पाहावें. शहाआलमाच्या नांवाचा रुपया बंगालपासून गुजराथेपर्यंत सराफ बट्ट्याच्या फारशा कटकटीवांचून ओळखत होता. अनोळखी नांव घातलें असतें तर प्रत्येक पेठेंत त्याची पारख नव्यानें झाली असती. टांकसाळी बहुधा मक्त्यानें खाजगी माणसांकडे असत, आणि हिणकस रुपया पाडल्यावरून पेशव्यांनीं टांकसाळी बंद केल्याचे दाखले दप्तरांत आहेत. नांव कोणाचेंही असो, चांदींत खोट नको, हा त्यांचा कटाक्ष त्यावरून दिसतो. शहाआलम १८०६ मध्यें वारला; तरी त्याच्या नांवाचे रुपये पडतच राहिले. कंपनीच्याही टांकसाळी तेंच करीत होत्या. मेलेल्या बादशहाचें नांव जिवंत नाण्यावर तीस वर्षें चाललें.

अखेर १८३५ च्या कायद्यानें कंपनीनें साऱ्या मुलखासाठीं एकच रुपया केला. त्यावर इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा आला, शहाआलमाचें नांव गेलें. वजन ठरलें १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ग्रॅममध्यें ११.६६. श्रोत्यांनीं येथें अल्तमशाचा टंका आठवावा. तो सुमारें ११ ग्रॅमचा, शेरशहाचा रुपया साडेअकराचा, कंपनीचा पावणेबारांच्या जवळचा. सहाशें वर्षांत गुलाम, खिलजी, तुघलक, सूर, मोंगल, मराठे, इंग्रज असे धनी आले आणि गेले. नांवें बदललीं, लिपि बदलली, चित्रें आलीं. परंतु चांदीच्या त्या तुकड्याचें वजन मासाभर इकडे-तिकडे झालें असेल, त्याहून अधिक नाहीं. राजे नाण्यावर आपलें नांव घालीत होते, पण नाण्याचें वजन लोकांच्या हाताच्या संवयीनें राखलें होतें.

हा सारा इतिहास आमच्या भाषेंतही मुरलेला आहे. आपण शेंकडा मोजतांना टक्का म्हणतों, तो तो जुना टंकच. दाम आणि दमडी हीं द्रम्म या नांवाचीं लेंकरें, आणि द्रम्म मुळांत ग्रीकांच्या द्राख्म्यापासून आलेला. सराफ, सिक्का, नगद हे अरबींतून आले, मोहोर फारसींतून, होन कानडींतून. आणि या व्यवहाराची नीति पाहावयाची तर वाक्प्रचार पाहावे. भरवंशाच्या माणसास आपण खणखणीत नाणें म्हणतों; अब्रू गेली म्हणजे नांवाला बट्टा लागला असें म्हणतों. नाणें आणि माणूस यांची पारख आपल्या पूर्वजांनीं एकाच कसोटीवर केली.

आज रुपयाच्या नाण्यांत चांदी नाहीं. १९४० मध्यें ती निम्म्यावर आली आणि १९४७ पासून निकलचा रुपया निघाला. हल्लींचा पोलादी आहे. मांजरीच्या भाजीबाजारांत तर गिऱ्हाईक दूरध्वनियंत्र एका चौकोनी ठिपक्यांच्या चिठ्ठीपुढें धरतें आणि मेथीच्या जुडीचे पैसे चुकते होतात. धातु नाहीं, कागदही नाहीं. महंमद तुघलकाची कल्पना सातशें वर्षांनीं खरी झाली, असें कोणी म्हटल्यास तें चूक नाहीं. फरक इतकाच, कीं तुघलकाचें नाणें आज्ञा करीत होतें, आणि आजची नोट धारकास वचन देते. आज्ञेस शिपाई पुरतो. वचनास पत लागते. ती पत राखण्याचा भार राज्यकर्त्यांवर आहे, आणि ती राखली जाते कीं नाहीं हें सराफाच्या चिकाटीनें पाहत राहण्याचा भार तुम्हां-आम्हांवर आहे.

शेवटीं एक विनंति. आपल्या देवघरांतील डब्यांत, आजीच्या बटव्यांत किंवा गांवाकडच्या शेतांत जुनें नाणें आढळलें, तर तें घांसूनपुसून चकचकीत करूं नये आणि मोडीच्या भावानें आटावयास देऊं नये. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याची वर्दी सरकारांत देणें हें १८७८ च्या कायद्यानें आवश्यकही आहे. पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. तेथें असें नाणें वाचणारे जाणते लोक भेटतात. बहामनी सराफांनीं आटविलेलीं नाणीं परत येणार नाहींत. आपल्या हातीं असलेलीं तरी आटूं नयेत, इतकें सांगून आपली रजा घेतों.